आई, मी पुढं जातो

२६ जानेवारीला आमच्याकडे उजाडायच्या आधी कढया तापतात. कोल्हापूर जिल्ह्यात प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन जिलेबीशिवाय होत नाहीत. चौकाचौकांत आदल्या रात्रीच मांडव पडतात आणि झेंडावंदनाहून परतणारा माणूस हातात जिलेबीचा पुडा घेऊनच घरी शिरतो. २०२३ सालच्या त्या पहाटे अशाच एका मांडवाच्या उजेडात मी आणि माझी बारा वर्षांची लेक उभ्या होतो. अंगावर कापडी नंबर, चार टाचण्यांनी अडकवलेले. तिचा ४१, माझा ४२. आमच्या हातकणंगले तालुक्यातलंच एक गाव, तिथल्या तरुण मंडळानं ठेवलेली शर्यत, अंतर तीन किलोमीटर. मुली आणि महिला एकत्रच सोडणार होते, बक्षिसं मात्र गटवार.

शिट्टी वाजली आणि आम्ही दोघी जोडीनं पळालो. मला त्या दिवशी फार छान वाटत होतं. थंडी होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुटायला आलेला ऊस उभा होता, आणि लेक खांद्याला खांदा लावून होती. आमच्या पुढे तीन मुली गेल्या. अर्ध्या वाटेवर लेकीनं विचारलं, "आई, बरं वाटतंय न्हवं?" मला उत्तर द्यायला दोन श्वास लागले. तिचा प्रश्न मात्र सबंध, एका दमात आला होता. खरं तर तिथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. आम्ही हातात हात घालून पोचलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी फोटो काढला. मग ध्वनिक्षेपकावरून मुलींच्या गटातली नावं पुकारली. तिसऱ्या क्रमांकाची ढाल जिला मिळाली, तिला माझी लेक शाळेच्या मैदानावर रोज मागे टाकत होती. लेक चौथी. चौथ्याला काही नव्हतं.

ती रडली नाही, रुसली नाही. जिलेबी खाल्ली. गाडीवर मागे बसल्यावर माझ्या पाठीला तोंड लावून एवढंच म्हणाली, "तू मागं एकटी राहिली असतीस."

त्या वाक्यावर मी पुढचे कित्येक दिवस काढले. आईबापांनी मुलांसाठी थांबायचं असतं हे आपल्याला माहीत असतं. मूल आपल्यासाठी थांबलंय आणि ते आपल्याला कळलंही नाही, याची सवय कुणालाच नसते.

आमचं हे पळणं शर्यतीसाठी सुरू झालंच नव्हतं. करोनाच्या दोन वर्षांत मुलं घरात कोंडली गेली. २०२१च्या ऑक्टोबरात शाळा उघडल्या तेव्हा लेक सहावीत होती आणि जिना चढताना तिला धाप लागत होती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पहाटे चालायला लागलो. ती अकराची, मी चाळिसाची. चालण्याचं पळणं कधी झालं ते सांगता येणार नाही. मुलं चालत नाहीतच, ती पुढे पळतात आणि परत येतात. मालकांना शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत काम, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी, घरी यायला सकाळचे आठ. पोरीला पळायचं असेल तर तिच्याबरोबर जायला घरात मीच होते. ती एकटी जाईल, असा विचारही कुणी केला नाही.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण शहरातल्या वाचकाला हे जाणवणार नाही. आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात आणि पुढे मार्चपर्यंत रस्ता उसाचा असतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, मागे दिवा नसतो, कधी लाल पट्टीही नसते. ड्रायव्हर रात्रभर जागा असतो आणि झोप येऊ नये म्हणून गाणी मोठ्यानं लावतो, त्यामुळे मागचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. पहाटे पाचला, धुक्यात, अशा रस्त्यावर मुलीला एकटं कोण सोडेल? त्यात रस्त्यावर फक्त ट्रॉल्याच नसतात. पहाटे पळणाऱ्या मुलाकडे लोक भरतीची तयारी करणारा म्हणून बघतात. पहाटे पळणाऱ्या मुलीकडे फक्त बघतात. लेक कुठं पळते यापेक्षा तिच्याबरोबर कोण आहे, हा प्रश्न शेजारपाजारी आधी विचारला जातो. म्हणून मी. पायांत कॅनव्हासचे बूट, अंगात सलवार-कमीज, ओढणी कमरेला गाठ मारून. पहिल्या वर्षी मी धावत नव्हते, राखण करत होते.

आम्ही रस्त्याच्या उजव्या कडेनं पळतो, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंगावर चकाकणारी पट्टी शिवून घेतलेली आहे. हे दोन नियम आजही मोडलेले नाहीत.

लेक माझ्यापेक्षा वेगवान झाली तो दिवस मला आठवतो; बहुतेक आयांना आठवत नसेल, कारण तो दिवस असा वेगळा दिसत नाही. आळत्याच्या बाजूला रामलिंगचा डोंगर आहे. श्रावणी सोमवारी तिथं रीघ लागते, एरवी शांत. तिकडची चढण आम्ही रविवारी धरायचो. चढावर मी पुढे असायचे, कारण दम राखून पळायचं मला जमत होतं आणि ती सुरुवातीलाच सगळं उधळून बसायची. २०२२च्या उन्हाळ्यात एका रविवारी ती चढाच्या मध्यावर माझ्या बाजूनं गेली. धाप नाही, घाई नाही. वर पोचून ती दगडावर बसली आणि मी येईपर्यंत तिनं बुटाची नाडी सोडून परत बांधली होती.

यात चमत्कार काहीच नाही. शरीर आपलं गणित करत असतं. साधारण तिशीनंतर माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी उतरत जाते. व्यायामानं ही घसरण मंदावते, थांबत नाही. मुलांचं उलट. पाय लांब होतात, हृदय आणि फुप्फुसं वाढतात, अंग हलकं असतं. मुलग्यांमध्ये वयात येताना रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि वेग झपाट्यानं चढतो. मुलींची वाट थोडी अवघड. शरीर बदलतं, वजन वाढतं, पाळी सुरू होते, आणि कालपर्यंत वाऱ्यासारखी पळणारी पोर एखादं वर्ष आहे तिथंच अडकते. नेमक्या त्या वर्षी घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता बास झालं पळणं." अशा किती मुली त्या एका वर्षात मैदानावरून घरी गेल्या असतील.

आमच्याही घरी ते वर्ष आलं. आठवीत ती दुपारी झोपायला लागली, पळताना पोटऱ्या भरून यायच्या, तिची वेळ मागे गेली. मला वाटलं, कंटाळली. तपासलं तर रक्त कमी. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मी शिक्षिका; हा आकडा मी शाळेत मुलींना शिकवलेला होता. घरातल्या मुलीच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघायचं मात्र मला सुचलं नव्हतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी नाचणी, गूळ-शेंगदाणे आणि शेवग्याचा पाला चालू केला. चार महिन्यांनी ती परत चढावर माझ्या पुढे होती. "पोरीच्या मागं पळत सुटलीया," असं माझ्याबद्दल गल्लीभर सांगणाऱ्या सासूबाई तेव्हापासून पहाटे आमच्या आधी उठतात आणि दोन खजूर हातावर ठेवतात.

त्या चौथ्या नंबरानंतर आम्ही एक ठराव केला. तो सुचला बैलांवरून. आमच्या भागात बेंदूर या बैलांच्या सणाचं महत्त्व मोठं. इचलकरंजीकडे कर तोडण्याच्या प्रथेसाठी बैल पळवतात, लाकूड ओढण्याच्या शर्यती लागतात. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, घरी बैलजोडी होती. नवा खोंड शिकवायचा तर वडील त्याला जाणत्या बैलाबरोबर जुंपायचे. जाणता बैल त्याला वळायला शिकवतो, थांबायला शिकवतो, दम धरायला शिकवतो. पण वडील हेही सांगायचे की खोंड तयार झाला की जोड बदलायची. नाहीतर खोंड म्हाताऱ्याच्या चालीला बांधला जातो आणि म्हाताऱ्याच्या मानेला जू काचतं. दोघांचंही वाटोळं.

ठराव असा: सुरुवातीला शेजारी उभं राहायचं, पहिल्या वळणापर्यंत बरोबर जायचं, तिथून पुढे ज्याची त्याची वाट. परत वळून न्यायला यायचं नाही. थांबायचं नाही.

त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला पाऊस लागून होता. रस्त्यावर लाल पाणी, झेंड्याची पताका भिजून दोरीला चिकटलेली. वळण आलं. लेकीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, मी पुढं जातो."

आमच्याकडे मुली, बायका 'जातो', 'येतो', 'करतो' असंच बोलतात. पुण्याची पाहुणी मंडळी हसतात आणि शाळेत मी स्वतः वहीत ते दुरुस्त करते. पण त्या सकाळी तो शब्द मला दुरुस्त करावासा वाटला नाही. ती गेली. तिच्या वेणीवरून पाणी उडत होतं. पुढचं वळण येईपर्यंत तिची पाठ दिसत राहिली, मग उसाआड गेली. मी पाच वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा शाळेच्या फाटकात सोडलं तेव्हाही असंच उभं राहिले होते. या वेळी उभं राहता येत नव्हतं. मला पळायचं होतं.

आता आकड्यात सांगते. तिला पाच किलोमीटरला एकवीस मिनिटं लागतात, मला तेहतीस. ती पोचते तेव्हा मी सव्वातीन किलोमीटरच्या अलीकडेच असते. मधे बारा मिनिटं. या बारा मिनिटांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण आम्हा दोघींच्या आयुष्यात अशी बारा मिनिटं दुसरीकडे कुठंच नाहीत. घरात ती कुठं आहे, काय करते, कुणाशी बोलते, हे मला ठाऊक असतं. नसलं तर मी विचारते. शर्यतीत ती पोचून बसलेली असते आणि मला तिचा नंबर माहीत नसतो. ती पडली का, जिंकली का, कुणी काही बोललं का, मला काहीही कळायचा मार्ग नसतो, आणि कळून घ्यायची घाई केली तर माझाच दम तुटतो. पहिल्या दोन शर्यतींत मी ही मिनिटं काळजीत घालवली. मग कधीतरी ती माझी झाली. पायांचा आवाज, श्वास, समोरच्या बाईचे फाटके बूट, कारखान्याचा भोंगा, कोल्हापूर-मिरज मार्गावरून जाणाऱ्या गाडीचा लांबून येणारा आवाज. बावीस वर्षांच्या संसारात कुणाचं काही बघायचं नाही अशी बारा मिनिटं सलग मला मिळाली नव्हती.

तिनं त्या वेळात काय केलं हे मी एकदा विचारलं. सुरुवातीला ती अंतिम रेषेजवळ उभी राहायची आणि मोजायची: आता आई पुलावर, आता पाण्याच्या टाकीजवळ. आता मोजत नाही. मैत्रिणींबरोबर बसते, पाय ताणते, जिलेबीच्या रांगेत नंबर लावते. हे ऐकून मला क्षणभर लागलं. आणि मग बरंही वाटलं.

सुट्टीच्या दिवशी घरच्यांनी मिळून पळायचं, हे जगात बऱ्याच ठिकाणी चालतं. अमेरिकेतल्या बफेलो शहरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला १८९६ साली पहिली शर्यत झाली. पळणारे सहा जण होते, अंतर आठ किलोमीटर. आज त्या देशात त्या सकाळी आजोबांपासून नातवंडांपर्यंत घरंच्या घरं रस्त्यावर उतरतात आणि मग जेवायला बसतात. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत ३१ डिसेंबरची शर्यत १९२५ पासून आहे. तिच्याबद्दल वाचताना मी एका ओळीवर अडले. बायकांना तिथं १९७५ साली प्रवेश मिळाला. पन्नास वर्षं ती शर्यत फक्त पुरुषांची होती.

मग मी उलट मोजत गेले. माझा जन्म १९८१चा. त्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी सगळ्यात लांबची शर्यत होती १५०० मीटरची. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला बायका ८०० मीटर पळाल्या. हे त्यांच्या शरीराला झेपत नाही असं ठरवून ती शर्यत काढून टाकली आणि १९६० पर्यंत परत ठेवली नाही. मॅरेथॉन आली १९८४ साली, मी तीन वर्षांची असताना. दहा हजार मीटर १९८८ साली. पाच हजार मीटर १९९६ साली. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आज लेक आहे तेवढी. शाळेत आम्हाला खो-खो होता, लंगडी होती, फार तर शंभर मीटर. तीन किलोमीटर पळायला कुणी सांगितलं नाही आणि पळता येईल असं मलाही वाटलं नाही. शिट्टी घेऊन मैदानात उभे असलेले सर मुलांना गावाला फेरी मारायला लावायचे आणि आम्हाला सावलीत बसवायचे. त्यांचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. जगालाच तेव्हा तसं वाटत होतं.

म्हणून लेक माझ्यापुढे बारा मिनिटं आहे, यातली सगळी मिनिटं वयाची नाहीत. काही मिनिटं त्या सावलीत बसण्याची आहेत.

या हिशेबात मला स्कॉटलंडची लिझ मॅकोल्गन फार जवळची वाटते. १९८८ साली सोलला ऑलिम्पिकमधली बायकांची पहिली दहा हजार मीटर झाली, त्यात तिला रौप्य मिळालं. १९९०च्या नोव्हेंबरात तिला मुलगी झाली, आयलिश. मुलगी नऊ महिन्यांची असताना टोकियोत लिझ जगज्जेती झाली. राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १९८६ आणि १९९० साली दहा हजार मीटरचं सुवर्ण घेतलं होतं, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमला तेच सुवर्ण आयलिशनं घेतलं. तोवर आयलिशनं या अंतरातली आईची सर्वोत्तम वेळही मागे टाकली होती. आईनं जिथं दार उघडलं तिथून लेक आत गेली आणि पुढच्या खोलीत पोचली. उलटंही घडतं, हे सांगायला हवं: उत्तर आयर्लंडचा टॉमी ह्यूज आणि त्याचा मुलगा इओन २०१९ साली फ्रँकफर्टची मॅरेथॉन पळाले. एकोणसाठ वर्षांच्या बापाला लागले दोन तास सत्तावीस मिनिटं बावन्न सेकंद, चौतीस वर्षांच्या मुलाला दोन तास एकतीस मिनिटं तीस सेकंद. बाप-लेकाच्या एकत्रित वेळेचा तो विक्रम ठरला. ज्या दिवशी चढ चढवत नाही त्या दिवशी मला हा बाप आठवतो.

आपल्याकडे इतकं लांब जायची गरज नाही. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. १९८४ साली पी. टी. उषा पोचली होती, त्यानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत जाणारी ती पहिली भारतीय स्त्री. मोही आमच्यासारखं उसाचं गाव नव्हे, दुष्काळी पट्टा. नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊत, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, ही सगळी लांब पल्ल्याची माणसं लहान गावांतून आली. लांब पळायला मैदान लागत नाही, रस्ता पुरतो. बूट मात्र लागतात. गावच्या शर्यतींत आजही निम्मी मुलं अनवाणी असतात, आणि बारीक खडी पसरलेल्या रस्त्यावर त्यांची पावलं बघवत नाहीत.

या शर्यतींना गावात सरसकट 'मॅरेथॉन' म्हणतात. मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटरची असते, पण फलकावर 'भव्य मॅरेथॉन, अंतर ५ कि.मी.' असं लिहिलेलं असतं. अंतर मोटारसायकलच्या काट्यावर मोजलेलं, त्यामुळे एका गावचे पाच किलोमीटर दुसऱ्या गावच्या पाचाशी जुळत नाहीत. पुढे पायलट गाडी, तिच्यावर मागे तोंड करून बसलेला कार्यकर्ता. वळणावर उभी असलेली पोरं मनगटावर पेनानं खूण करतात, मधूनच कुणी वळू नये म्हणून. शेवटच्या दोनशे मीटरला हलगी. हलगी ऐकली की मेलेले पाय जिवंत होतात. याला शास्त्रीय कारण असेल तर ते मला माहीत करून घ्यायचं नाही.

पळणाऱ्यांत सगळ्यात जास्त असतात भरतीची पोरं. राज्य पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण वीस गुण. मुलींना ८०० मीटर, दोन मिनिटं पन्नास सेकंद. सैन्याच्या अग्निवीर भरतीत १६०० मीटर, साडेपाच मिनिटांत आलं तर पूर्ण गुण. या मुलांचं पळणं वेगळं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर घर दिसतं. शर्यतींना एक बाप मला दर वेळी भेटतो, शेतकरी, पायांत चप्पल. मुलगा पळतो तेव्हा तो बाजूच्या बांधावरून जमेल तितकं पळतो आणि ओरडतो. मी एकदा म्हटलं, "भाऊ, तुम्ही पण नंबर लावा की." तो म्हणाला, "ताई, मी पळालो तर त्येच्याकडं बघणार कोण?" मला त्याचं म्हणणं पटलं नाही, आणि खोडताही आलं नाही. मुलाचं पळणं डोळ्यांनी बघायचं की स्वतः पायांनी समजून घ्यायचं, यातलं एक त्यानं निवडलं होतं. लेकीला जिंकताना मी तोवर एकदाही पाहिलेलं नव्हतं. प्रत्येक वेळी मी मागे रस्त्यावर होते.

नोकरीचा विषय निघतोच. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून काही घरं मुलांना मैदानात ढकलतात. एका शर्यतीत दहा वर्षांच्या मुलाला बापानं दहा किलोमीटरला उतरवलं होतं. मूल उलटी करत पोचलं आणि बापानं त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. मी हे बघून गप्प बसले याची मला आजही लाज वाटते. शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालच्या मुलांना ६०० मीटरच्या पुढे पळवत नाहीत आणि सतरा वर्षांखालच्यांना ३००० मीटरच्या पुढे नाही. त्याला कारण आहे. वाढत्या वयात हाडांची टोकं कोवळी असतात. गावच्या आयोजकांनी हा एक नियम शालेय स्पर्धांकडून उचलला तरी पुष्कळ होईल. लेकीला मी सातवी-आठवीत तीन किलोमीटर पळवलं, तेसुद्धा तिच्या वयाला जास्तच होतं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

आता महिला गटाबद्दल. मुलींचे गट असतात: चौदा, सतरा, खुला. महिलांचा एकच, खुला. म्हणजे वीस वर्षांची भरतीची मुलगी आणि चव्वेचाळीस वर्षांची मी एकाच रेषेवर. नंबर येणार नाही हे मला मान्य होतं, पण दरवर्षी असं दिसत होतं की मुलींना घेऊन येणाऱ्या आया कडेला पिशव्या धरून उभ्या राहतात. पिशवीत पाण्याची बाटली, स्वेटर, मुलीची चप्पल. त्यांच्यातल्या निम्म्या पहाटे मुलींबरोबर रस्त्यावर असतात, माझ्यासारख्याच राखणीला. राखण करता करता त्या पाच-पाच किलोमीटर चालतात, पळतात. मग शर्यतीच्या दिवशी पिशवी का धरतात? बारामतीच्या शर्यतीत नवऱ्याच्या तपासणीचे पैसे उभे करायला लता करे नऊवारीत, अनवाणी पळाल्या तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांच्यावर चित्रपट निघाला, राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांची दखल घेतली गेली. पण बाईला पळायला घरावर संकटच यावं लागतं का? बरं वाटतं म्हणून तिनं पळू नये?

२०२५च्या जुलैत मी एका मंडळाच्या पोरांना भेटले आणि म्हटलं, चाळीस वर्षांवरच्या महिलांचा गट ठेवा, दोन किलोमीटर, बक्षीस नको, नंबर द्या फक्त. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकजण म्हणाला, "काकू, कोण येणार?" मी म्हटलं, "तुझी आई येईल." तो गप्प झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, गट ठेवलाय म्हणून.

१५ ऑगस्ट २०२५. सात बायका आल्या. त्यात त्या पोराची आई होती. मुलींच्या शर्यती आधी झाल्या. लेक तिच्या गटात दुसरी आली आणि या वेळी पहिल्यांदा मी ते डोळ्यांनी बघितलं. ती शेवटच्या शंभर मीटरला मान थोडी डावीकडे कलती करते. हे मला माहीतच नव्हतं. चार वर्षं तिच्या मागे पळून मला तिची पाठ पाठ झाली होती, चेहरा नाही.

मग आमचा गट. सातजणींत दोघी पंजाबी ड्रेसवर, चौघी ट्रॅक पँटवर, एक साडीत, पदर खोचून, पायांत मुलाचे बूट. सुरुवातीच्या रेषेवर लेक माझ्याजवळ आली, नंबराची टाचणी नीट केली आणि म्हणाली, "पहिल्या वळणापर्यंत कुणाच्या मागं लागू नकोस." मी कुणाच्या मागं लागले नाही. पाचवी आले. श्वास जागेवर आल्यावर बघितलं तर लेक जिलेबीच्या रांगेत नव्हती.

साडीतल्या बाई अजून रस्त्यावर होत्या. पायलट गाडी निघून गेली होती, हलगीवाले उठून चहाला गेले होते, झेंडावंदनाची वेळ झाली म्हणून लोक शाळेकडे निघाले होते. लेक कुणाला न सांगता उलट्या दिशेनं पळत गेली होती. माझ्यासाठी असं यायला मी तिला बंदी घातलेली आहे, आणि ती तिनं एकदाही मोडलेली नाही.

थोड्या वेळानं पाण्याच्या टाकीमागून दोघी दिसल्या. बाईंचा पदर सुटला होता, त्यांनी तो एका हातानं धरला होता आणि त्या पळतच होत्या. लेक त्यांच्या अर्धं पाऊल मागे होती.